सी भाषेचं ऑफिशियल स्टँडर्ड कुठे मिळतं आणि ते बघायचं कसं

तुझा प्रश्न वाचला. एक सर म्हणतात व्हॉइड मेन (म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो ते मेन फंक्शन काहीच परत न देणारं लिहिणं) चालतं, दुसरे म्हणतात साफ चूक आहे, मार्क कापीन. दोघंही "स्टँडर्डमध्ये बघ" म्हणतात पण ते स्टँडर्ड नेमकं कुठे बघायचं ते सांगत नाहीत, आणि आयएसओ या आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड संस्थेच्या साइटवर गेलास तर किंमत बघून परत आलास. मी गेली अठरा-एकोणीस वर्षं सीमध्येच काम करतोय, बहुतेक सगळं एम्बेडेड, त्यामुळे या कागदाशी माझा रोजचा संबंध आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. व्हॉइड मेनचं शेवटी बघू कारण ते नीट कळायला आधीचं सगळं लागतं.

पहिली गोष्ट, पैसे भरू नकोस. सीचं स्टँडर्ड म्हणजे भाषेचे अधिकृत नियम लिहिलेला आयएसओ/आयईसी ९८९९ हा डॉक्युमेंट. आयएसओ तो विकते, हे खरं. पण तो लिहिणारी जी कमिटी आहे, डब्ल्यूजी १४, ती आपले कामाचे कागद ओपन-एसटीडी डॉट ओआरजी या साइटवर ठेवते आणि त्यातले बहुतेक सगळ्यांना उघडे असतात. प्रत्येक कागदाला एन आणि पुढे एक नंबर. स्टँडर्ड छापायला जायच्या आधीचा जो शेवटचा ड्राफ्ट असतो त्यात आणि विकतच्या प्रतीत तुला-मला जाणवेल असा फरक जवळपास नसतो. मी इतकी वर्षं ड्राफ्टवरच काम केलंय, कंपायलर लिहिणारे लोकसुद्धा चर्चेत ड्राफ्टचाच नंबर सांगतात. सर्टिफिकेशनसाठी किंवा कॉन्ट्रॅक्टमध्ये दाखवायला कागद लागत असेल तर कंपनी विकत घेते, विद्यार्थ्याला त्याची गरज नाही.

आता कुठला नंबर. सी ९९ साठी एन१२५६, त्यात मूळ १९९९ चा मजकूर आणि नंतरच्या तिन्ही दुरुस्त्या एकत्र केलेल्या आहेत. सी ११ साठी एन१५७०, एप्रिल २०११ चा. सी २३ साठी एन३२२०, हा तांत्रिकदृष्ट्या त्याच्या पुढच्या आवृत्तीचा पहिला ड्राफ्ट आहे पण सी २३ पेक्षा त्यात अगदी किरकोळ फरक आहे म्हणून सगळे तोच वापरतात. मधलं सी १७ आहे, २०१८ मध्ये छापलं गेलं, त्यात नवीन फीचर काही नाही, सी ११ मधल्या चुका दुरुस्त केल्यात एवढंच. तुला एकच डाउनलोड करायचा असेल तर एन१५७० कर. सातशेच्या आसपास पानं आहेत, घाबरू नकोस, कोणीच ते पहिल्या पानापासून वाचत नाही. एन१५७० च का, तर इंटरनेटवर तुला जी चांगली उत्तरं सापडतील त्यातल्या बऱ्याच उत्तरांमध्ये कलमांचे नंबर याच ड्राफ्टचे दिलेले असतात.

हा नंबरांचा मुद्दा लक्षात ठेव कारण इथे फार लोक अडकतात. एफ-फ्लश हे बफर रिकामा करणारं फंक्शन सी ९९ मध्ये ७.१९.५.२ ला आहे, सी ११ मध्ये ७.२१.५.२ ला आणि सी २३ मध्ये ७.२३.५.२ ला, कारण मध्ये नवीन हेडर (लायब्ररीचे विभाग) आले की पुढचे सगळे सरकतात. त्याहून जुना घोळ म्हणजे १९८९ चं अमेरिकन स्टँडर्ड आणि १९९० चं आयएसओ स्टँडर्ड, मजकूर तोच पण आयएसओने सुरुवातीला आपली ठरलेली प्रकरणं घातली त्यामुळे नंबर तीनने पुढे गेले, अमेरिकन कागदात जे ४.९.५.२ आहे ते आयएसओत ७.९.५.२ झालं. म्हणून कोणी कलम सांगितलं की आधी विचार, कुठल्या आवृत्तीचं? आवृत्ती न सांगता दिलेला कलम नंबर म्हणजे गाव न सांगता दिलेला घर नंबर.

तुझ्याकडे केर्निघन आणि रिचीचं पुस्तक आहे म्हणालास. ते ठेव, त्याच्याइतकं नेटकं लिहिलेलं पुस्तक मी दुसरं वाचलेलं नाही, पण ते स्टँडर्ड नाही. दुसरी आवृत्ती १९८८ ची आहे, तेव्हा अमेरिकन स्टँडर्ड अजून ड्राफ्टमध्ये होतं. त्यानंतर १९९५ ची अमेंडमेंट, ९९, ११, १७, २३ एवढं सगळं झालंय. ओळ वाचणारं गेट्स फंक्शन सी ११ मध्ये काढूनच टाकलं. सी २३ मध्ये ट्रायग्राफ (तीन चिन्हांनी एक चिन्ह लिहायची जुनी सोय) गेले, बूल-ट्रू-फॉल्स हे थेट कीवर्ड झाले, आणि फंक्शनच्या डिक्लेरेशनमध्ये कंस रिकामा ठेवला तर त्याचा अर्थ आता "आर्ग्युमेंट नाहीत" असा होतो, आधी तो "किती आहेत सांगितलेलं नाही" असा होता. जीसीसी हा कंपायलर १५ व्या आवृत्तीपासून डीफॉल्ट सी २३ वर गेलंय त्यामुळे काल चालणारा जुना कोड आज एरर देतोय असे अनुभव आता बऱ्याच जणांना येतायत.

बरं, फाइल उघडलीस. आतली रचना अशी आहे की पहिली चार प्रकरणं म्हणजे व्याप्ती, संदर्भ, व्याख्या आणि कन्फॉर्मन्स. पाचवं एन्व्हायर्नमेंट, सहावं भाषा, सातवं लायब्ररी. मग परिशिष्टं. बहुतेक लोक थेट सहाव्यात किंवा सातव्यात उडी मारतात आणि मग म्हणतात कळत नाही. कळणार नाहीच, कारण तिसऱ्या आणि चौथ्या प्रकरणात या कागदाची भाषा कशी वाचायची ते सांगितलंय. ती दोन्ही मिळून दहा पानंसुद्धा नाहीत, एका संध्याकाळी होतात.

त्यातले तीन शब्द पक्के कर. इम्प्लिमेंटेशन-डिफाइन्ड म्हणजे कंपायलरने स्वतः ठरवायचं पण काय ठरवलं ते लिहून द्यायचं. अनस्पेसिफाइड म्हणजे दोन-चार पर्यायांपैकी काहीही होईल आणि कुठला ते लिहून द्यायचीही सक्ती नाही, उदाहरणार्थ फंक्शनला दिलेली आर्ग्युमेंट कुठल्या क्रमाने काढली जातात. आणि अनडिफाइन्ड, म्हणजे स्टँडर्डने त्या प्रोग्रामवरून हात काढून घेतला, तो चालेल, पडेल, चुकीचं उत्तर देईल, आज बरोबर आणि ऑप्टिमायझेशन लावल्यावर चूक देईल, कशालाच बंधन नाही. मराठीत आपण तिन्हींना "कंपायलरवर अवलंबून आहे" म्हणून मोकळे होतो आणि तिथेच घोटाळा होतो. पहिल्या प्रकारात उत्तर कंपायलरच्या मॅन्युअलमध्ये सापडतं. तिसऱ्या प्रकारात उत्तरच नसतं.

चौथ्या प्रकरणाच्या दुसऱ्या परिच्छेदात अजून एक नियम आहे जो मला कोणी कॉलेजात सांगितला असता तर माझी दोन वर्षं वाचली असती. स्टँडर्डमध्ये "शॅल" हा शब्द आला की ती सक्ती. पण ती सक्ती "कन्स्ट्रेंट्स" या मथळ्याखाली असेल तर मोडल्यावर कंपायलरने काहीतरी मेसेज द्यायलाच हवा, आणि बाहेर कुठे असेल तर मोडल्यावर थेट अनडिफाइन्ड, कंपायलर गप्प बसला तरी चालतं. शिवाय मेसेज म्हणजे एररच असं नाही, वॉर्निंग दिली तरी त्याचं काम झालं. त्यामुळे "एरर आली नाही म्हणजे बरोबर आहे" या म्हणण्याला स्टँडर्डमध्ये कुठेही आधार नाही.

आपल्याकडच्या परीक्षांमध्ये येणारा तो प्रसिद्ध प्रश्न घे, आय बरोबर आय प्लस प्लस अधिक प्लस प्लस आय (प्लस प्लस म्हणजे किंमत एकने वाढवणं), आउटपुट काय. अनेक कॉलेजांत वर्षानुवर्षं टर्बो सी या जुन्या कंपायलरवर चालवून आलेलं उत्तर बरोबर धरलं जातं. एन१५७० मध्ये ६.५ चा दुसरा परिच्छेद वाच. एकाच व्हेरिएबलवर दोन बदल होत असतील आणि त्यांच्यात आधी-नंतर असा क्रम ठरलेला नसेल तर वर्तन अनडिफाइन्ड, असं तिथे सरळ लिहिलंय. सी ९९ मध्ये हाच नियम वेगळ्या शब्दांत होता, दोन सीक्वेन्स पॉइंटच्या (आधीचे सगळे बदल पूर्ण झालेले असतात अशा टप्प्यांच्या) मध्ये एका ऑब्जेक्टची किंमत जास्तीत जास्त एकदा बदलावी असा, सी ११ मध्ये थ्रेड आले म्हणून शब्दरचना बदलली. म्हणजे १९८९ पासून आजपर्यंत एकाही आवृत्तीत या प्रश्नाला उत्तर नव्हतं, आणि आपली पोरं त्याचं उत्तर पाठ करतायत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता माझ्यावर आलेला एक प्रसंग सांगतो, त्यावरून शोधायचं कसं ते कळेल. काही वर्षांपूर्वी मी एक छोटं टूल लिहिलं होतं, ग्राहकांच्या नावांची टेक्स्ट फाइल वाचून प्रत्येक ओळीतले शब्द वेगळे करायचं, नावं मराठीत, युटीएफ-८ मध्ये. कॅरेक्टर घ्यायचं, इज-अल्फाला (ते अक्षर आहे का हे सांगणारं फंक्शन) द्यायचं, एवढंच. लिनक्सवर महिनाभर न पडता चाललं. ग्राहकाच्या विंडोज मशीनवर डीबग बिल्ड (चुका शोधण्यासाठीची आवृत्ती) लावला आणि पहिल्याच नावाला असर्शन (आतली तपासणी) फेल होऊन बंद पडला. इंग्रजी नावांची फाइल दिली तर नीट. मी दोन दिवस फाइलचं एन्कोडिंग तपासत बसलो, फाइल बदलून बदलून बघितली, फाइलमध्ये काहीच नव्हतं. शेवटी एन१५७० काढला आणि ७.४ चा पहिला परिच्छेद वाचला. तिथे लिहिलंय की इज-अल्फाच्या हेडरमधल्या सगळ्या फंक्शनना दिलेली किंमत अनसाइन्ड (ऋण आकडे नसलेल्या) कॅरेक्टरमध्ये मावणारी हवी किंवा ईओएफ (फाइल संपल्याची खूण) हवी, दुसरं काहीही दिलं तर अनडिफाइन्ड. आता देवनागरीचं प्रत्येक अक्षर युटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं, "क" म्हणजे ई०, ए४, ९५ हे तीन हेक्स बाइट, तिन्ही १२७ च्या वरचे. साधं कॅरेक्टर जिथे साइन्ड आहे तिथे हे तिन्ही आकडे ऋण होतात आणि तसेच इज-अल्फाकडे जातात. मग लिनक्सवर का चाललं? कारण तिथल्या ग्लिबसी या सी लायब्ररीने आपला टेबल उणे १२८ पासूनच बांधलेला आहे, चुकीचा कॉलसुद्धा सांभाळून घेते. मायक्रोसॉफ्टची डीबग लायब्ररी तपासते आणि थांबवते. चूक दोन्हीकडे माझीच होती, एकीने सांगितली, दुसरीने झाकली. दुरुस्ती एका कास्टची (टाइप बदलण्याची), आधी अनसाइन्ड कॅरेक्टर करायचं आणि मग द्यायचं. (देवनागरी अक्षर ओळखायला इज-अल्फा मुळात उपयोगाचंच नाही हा पुढचा धडा, तोही तेव्हाच मिळाला.)

त्यातच पुढचा प्रश्न निघाला की साधं कॅरेक्टर साइन्ड की अनसाइन्ड. तो ६.२.५ मध्ये आहे, पंधरावा परिच्छेद, आणि उत्तर इम्प्लिमेंटेशन-डिफाइन्ड. म्हणजे पुढे कंपायलरच्या मॅन्युअलकडे जायचं. जीसीसीच्या मॅन्युअलमध्ये "सी इम्प्लिमेंटेशन-डिफाइन्ड बिहेवियर" असं एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते स्टँडर्डच्या परिशिष्ट "जे" (इंग्रजी अक्षर) मधल्या तिसऱ्या यादीच्या क्रमानेच लिहिलंय, दोन खिडक्या शेजारी उघडून बोट ठेवत जाता येतं. ते म्हणतं हे प्लॅटफॉर्मच्या एबीआयवर (मशीन पातळीवरच्या ठरलेल्या नियमांवर) ठरतं, आणि प्रत्यक्षात इंटेलच्या मशीनवर साइन्ड तर एआरएम लिनक्सवर अनसाइन्ड. याच कारणाने गेटचारचा (एक कॅरेक्टर वाचणाऱ्या फंक्शनचा) निकाल इंटऐवजी कॅरेक्टरमध्ये ठेवणारा लूप लॅपटॉपवर संपतो आणि एआरएम बोर्डावर कधीच संपत नाही, ईओएफ ऋण असतो आणि अनसाइन्डमध्ये ऋण काही उरतच नाही.

परिशिष्ट जे ची ओळख करून घेच. त्यात अनस्पेसिफाइड, अनडिफाइन्ड, इम्प्लिमेंटेशन-डिफाइन्ड अशा सगळ्यांच्या याद्या आहेत आणि प्रत्येक ओळीपुढे मूळ कलमाचा नंबर. मला काही शोधायचं असेल तर बऱ्याचदा मी तिथूनच सुरू करतो, संशयास्पद गोष्ट यादीत दिसली की नंबर धरून मूळ कलमावर जायचं. मात्र परिशिष्ट जे फक्त माहितीसाठी आहे, नियम मूळ कलमातच असतो, आणि यादीत नाही म्हणून सुरक्षित असंही नाही, कारण ज्याबद्दल स्टँडर्ड काहीच बोलत नाही तेसुद्धा अनडिफाइन्डच धरायचं असं चौथ्या प्रकरणाच्या त्याच दुसऱ्या परिच्छेदात आहे. लायब्ररीचं फंक्शन शोधताना नुसतं नाव सर्च केलंस तर शंभर ठिकाणी सापडतं, त्यापेक्षा नावाच्या आधी "द" आणि नंतर "फंक्शन" असं मथळ्यासारखं टाइप कर, थेट त्याच्या कलमावर पोचशील.

कीबोर्डवरून उरलेला एंटर काढायला एफ-फ्लश एसटीडीइन (एसटीडीइन म्हणजे प्रोग्रामचा ठरलेला इनपुट) चालतं का, असं तू वेगळं विचारलं होतंस. स्टँडर्ड म्हणतं आउटपुट स्ट्रीम असेल, किंवा दोन्ही बाजूंची असून शेवटचं काम इनपुटचं नसेल, तर बफरमधलं पुढे पाठवतो, नाहीतर अनडिफाइन्ड. संपलं. मग लिनक्सच्या मॅन पेजवर (सोबतच्या मॅन्युअलमध्ये) वेगळं का लिहिलंय? कारण ते पॉसिक्सचं बोलतंय. पॉसिक्स हे दुसरं स्टँडर्ड, सीच्या वर बांधलेलं, ओपन ग्रुपच्या साइटवर फुकट वाचता येतं, आणि त्यात जिथे जिथे सीच्या स्टँडर्डपेक्षा जास्त काही दिलंय तिथे समासात सीएक्स अशी खूण असते. ही खूण फार कामाची आहे, कुठली गोष्ट भाषेची आणि कुठली सिस्टीमची हे एका नजरेत कळतं. पॉसिक्सने डिस्कवरच्या फाइलसारख्या मागेपुढे जाता येणाऱ्या इनपुटसाठी एफ-फ्लशचा अर्थ ठरवून दिलाय, पण कीबोर्ड त्यात बसत नाही. म्हणजे स्कॅन-एफ या इनपुट वाचणाऱ्या फंक्शननंतर उरलेला एंटर काढायला ते वापरायला पॉसिक्समध्येही आधार नाही, न्यूलाइन येईपर्यंत गेटचारने वाचून टाकायचं किंवा सरळ एफ-गेट्सने पूर्ण ओळ घ्यायची.

एखादा नियम असा विचित्र का केला असेल असं वाटलं की त्यासाठी रॅशनाल नावाचा वेगळा कागद आहे, सी ९९ चा, एप्रिल २००३ मधली ५.१० ही आवृत्ती त्याच साइटवर आहे. स्टँडर्ड फक्त नियम सांगतं, कारणं यात आहेत. प्रोग्रामरवर विश्वास ठेवा हे सीचं जुनं तत्त्व त्यात शब्दांत मांडलंय. मला हा कागद स्टँडर्डपेक्षाही आवडतो, प्रवासात वाचत बसण्यासारखा आहे. आणि स्टँडर्डचा मजकूरच दोन अर्थांनी वाचता येत असेल तर डिफेक्ट रिपोर्ट बघायचे, लोकांनी कमिटीला विचारलेले प्रश्न आणि कमिटीची उत्तरं. त्यातला २६० नंबरचा खूप गाजलेला, दोन पॉइंटरमधले बिट अगदी सारखे असले तरी ते कुठून आले यावरून कंपायलरने त्यांना वेगळं धरावं का, असा प्रश्न, त्यावर आजही काम चालू आहे. तुला आत्ता गरज नाही पण पुढे कंपायलरकडे वळलास तर वाच.

सीपीपीरेफरन्स ही सी आणि सी प्लस प्लसच्या संदर्भाची साइट मी स्वतः रोज उघडतो, पटकन बघायला तिच्यासारखं दुसरं नाही, आणि पानाच्या खाली कुठल्या आवृत्तीत कुठलं कलम तेही दिलेलं असतं. ती साइट रस्ता दाखवायला, निकाल मूळ कागदात. एआयला विचारत असशील तर विचार, पण तो कलमाचा नंबर अगदी ठामपणे सांगतो आणि कधीकधी तिथे भलतंच काहीतरी असतं, म्हणून नंबर उघडून बघितल्याशिवाय सबमिशनमध्ये लिहू नकोस. कंपायलरला मात्र रोज कामाला लाव, एसटीडी बरोबर सी ११ आणि पेडँटिक हे दोन ऑप्शन दिलेस की स्टँडर्डमध्ये नसलेल्या बऱ्याच गोष्टी तो दाखवतो, आणि अनडिफाइन्ड सॅनिटायझर लावून चालवलंस तर बरेचसे अनडिफाइन्ड प्रकार चालू प्रोग्राममध्येच पकडले जातात.

तुझ्या मित्राने बाकी भाषांचं विचारलंय. जावाची लँग्वेज स्पेसिफिकेशन फुकट आहे, जावास्क्रिप्टचं ईसीएमए-२६२ फुकट आहे, पायथनला आयएसओ स्टँडर्डच नाही, त्यांचा लँग्वेज रेफरन्स हाच अधिकृत. सी प्लस प्लसचं सीसारखंच, कमिटी डब्ल्यूजी २१, सी प्लस प्लस २० साठी एन४८६० आणि २३ साठी एन४९५०.

आता व्हॉइड मेन. एन१५७० मध्ये ५.१.२.२.१ काढ. तिथे म्हटलंय की मेनचा रिटर्न टाइप इंट (पूर्णांक) हवा, पॅरामीटर शून्य किंवा दोन, "किंवा कंपायलरने ठरवून दिलेल्या इतर एखाद्या पद्धतीने". हे शेवटचे शब्द महत्त्वाचे. म्हणजे कंपायलरने व्हॉइड मेन घेतो असं लिहून दिलं असेल, जसं मायक्रोसॉफ्टने आपलं एक्स्टेंशन म्हणून लिहिलंय, तर त्या कंपायलरपुरतं ते चालतं, बाकी ठिकाणी त्याला आधार नाही. पुढे ५.१.२.२.३ वाच, रिटर्न टाइप इंटशी जुळत नसेल तर सिस्टीमला परत जाणारा स्टेटस अनस्पेसिफाइड. म्हणून असा प्रोग्राम शेल स्क्रिप्टमधून किंवा मेकफाइलमधून चालवला की काम झालेलं असूनही कधी फेल दिसू शकतो. आणि थोडं मागे ५.१.२.१ मध्ये फ्रीस्टँडिंग म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम नसलेल्या एन्व्हायर्नमेंटचं आहे, तिथे सुरुवातीला कुठलं फंक्शन चालवायचं, त्याचं नाव काय आणि टाइप काय, हे सगळंच इम्प्लिमेंटेशनवर सोडलंय. मायक्रोकंट्रोलरवर व्हॉइड मेन दिसतं ते याच कलमामुळे, तिथे परत जायला कोणी नसतंच.

परीक्षेत पीसीवरचा प्रोग्राम लिहायचा असेल तर इंट मेन लिही, सी ९९ पासून शेवटी रिटर्न शून्य राहून गेलं तरी स्टँडर्ड ते शून्यच धरतं. आणि ५.१.२.१ पासून ५.१.२.२.३ पर्यंतचं प्रिंट काढून दोन्ही सरांना दाखव, फार तर दोन-तीन पानं होतील, दोघांचंही म्हणणं त्यात सापडेल.